लॉनला टक्कल पडलंय आणि साळुंक्या पाठ सोडत नाहीत

पत्र:

आर. के. नगरला आमचा छोटा बंगला आहे. पुढं साधारण ६०० चौरस फूट लॉन. तीन वर्षांपूर्वी घराचं काम झालं तेव्हा कंत्राटदाराकडूनच लावून घेतलं. पावसाळाभर नुसतं हिरवंगार होतं. गणपती गेले आणि जागोजाग पिवळे चट्टे पडायला लागले. आधी ताटलीएवढे होते, आता परातीएवढे झालेत. मिस्टर रोज संध्याकाळी अर्धा तास पाइप धरून उभे असतात, तरी फरक नाही. शेजारचे काका म्हणतात युरिया मारा. जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपाय पाठवलाय, कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवून शिंपडायची. त्यात रोज सकाळी साळुंक्यांचा थवा उतरतो आणि उरलंसुरलं गवत उकरून टाकतो. त्यांना भिववायला चकचकीत पट्ट्या बांधल्या, उपयोग शून्य. लव्हाळा उपटेल तेवढा दुप्पट येतोय. जास्वंदीला कापूस चिकटल्यासारखं झालंय. लॉनच्या कोपऱ्यातलं लिंबू पाच वर्षांचं झालं, फुलतं आणि सगळं गाळून टाकतं. वृंदावनातली तुळस तिसऱ्यांदा वाळली. आपल्या हाताला गुणच नाही असं वाटायला लागलंय. काय करू?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

ताई,

हाताच्या गुणाचं मागाहून बघू. आधी त्या चकचकीत पट्ट्या सोडून टाका. तुमच्या लॉनला काय झालंय हे घरात, शेजारात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाच कळलेलं नाही. साळुंक्यांना मात्र कळलंय. साळुंकी गवतासाठी खाली उतरत नाही. गवताच्या खाली काहीतरी पांढरं, गुबगुबीत वळवळतंय, त्याच्यासाठी ती रोज हजेरी लावते.

उद्या सकाळी खुरपं घेऊन बाहेर या. चट्ट्याच्या मधोमध उकरू नका, तिथली पंगत उठून पुढं गेलेली असते. चट्ट्याची कड धरा, जिथं पिवळं संपून हिरवं सुरू होतं ती. मूठभर गवत धरून वर ओढा. माझा अंदाज असा की गोधडीची कड उचलावी तसं ते अलगद हातात येईल, कारण खाली मुळंच उरलेली नसतील. आता तिथंच एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन कापा, तीन-चार इंच खोल माती काढून जुन्या वर्तमानपत्रावर पसरा आणि बोटांनी ढेकळं फोडत जा. चंद्रकोरीसारखी वाकून पडलेली मळकट पांढरी अळी, तपकिरी डोकं, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या आणि शेपटाकडं आतली माती दिसावी असा काळपट भाग. ती हुमणी.

गावाकडं ऊस असेल तर हे नाव तुम्हाला नवीन नाही. आपल्या जिल्ह्यात हुमणी म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तीच हुमणी बंगल्याच्या लॉनमध्ये आली की आपल्याला ओळखू येत नाही, कारण शेतातली कीड शहरात कशाला येईल असं आपण धरून चालतो. तिला शहर आणि गाव कळत नाही. ऊस हे गवत आणि लॉन हेही गवतच. उलट लॉनमध्ये नांगरट नाही, पाणी भरपूर, वर मऊ गादी. तिच्या दृष्टीनं तुमचं अंगण म्हणजे बारमाही खोडवा, तोडणीनंतर परत फुटणारा ऊस.

जरा आठवून बघा. मे महिन्याच्या शेवटी वळीव झाला, त्या रात्री पोर्चमधल्या दिव्यावर तांबूस तपकिरी भुंगेरे आपटत होते का? सकाळी पायरीखाली उताणे पडलेले केरसुणीनं झाडले असतील. ते याच हुमणीचे आई-बाप. पहिल्या दमदार पावसानंतर हे भुंगेरे जमिनीतून वर येतात, अंधार पडला की कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्यावर बसून पाला खातात, तिथंच त्यांची लग्नं लागतात आणि माद्या परत जमिनीत शिरून अंडी घालतात. दोन आठवड्यांत अळ्या निघतात. जून-जुलैत त्या तांदळाच्या दाण्यासारख्या असतात आणि कुजलेल्या काडीकचऱ्यावर भागवतात. ऑगस्टपासून त्यांची भूक सुटते. पण तेव्हा जमीन ओली असते, त्यामुळं अर्धी मुळं तुटलेलं गवतही तग धरून हिरवं दिसतं. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन लागलं की एकदम पितळ उघडं पडतं. म्हणून तुम्हाला वाटलं की गणपतीनंतर रोग आला. तो जूनपासून घरातच होता.

आम्ही लहान असताना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री जेवणं झाली की कंदील घेऊन बांधावर जायचो. कडुलिंबाखाली पोती अंथरायची, लांब काठीनं फांद्या बडवायच्या आणि पटापट पडणारे भुंगेरे रॉकेल घातलेल्या डब्यात गोळा करायचे. ज्याचा डबा आधी भरेल त्याला काकूकडून गुळाचा खडा. एका मादीपोटी पन्नासभर अंडी धरली तर डबाभर भुंगेरे म्हणजे काय, हा हिशोब त्या वयात कळत नव्हता. गुळाचा मात्र कळत होता.

आता उपाय. चौकोनी फुटात एखाददुसरी निघाली तर सोडून द्या, तेवढ्यानं लॉन मरत नाही. चार-पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र हात घालायला हवा. ६०० चौरस फूट म्हणजे काही एकरभर रान नाही. चट्ट्यांच्या कडेकडेनं मेलेलं गवत गुंडाळून काढा, खालची माती खुरप्यानं हलवा आणि दिसेल ती हुमणी साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. नाहीतर माती उकरून नुसती उघडी ठेवा आणि तासभर घरात जाऊन बसा. साळुंक्या, कावळे आणि एखादा बगळा उरलेलं काम फुकटात करतील. दोन रविवार गेले तरी चालतील. या दिवसांत अळ्या पूर्ण वाढीच्या आणि निबर झालेल्या असतात, त्यामुळं औषधापेक्षा हातानं वेचणंच जास्त लागू पडतं.

त्याच्या जोडीला मेटारायझियम टाका. ही हुमणीला रोगी करून मारणारी बुरशी आहे, कृषी सेवा केंद्रात पावडरीत मिळते. उसाला एकरी आठ-दहा किलो लागते, त्या हिशोबानं तुमच्या लॉनला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पुरे. घमेलंभर चांगल्या कुजलेल्या, ओलसर खतात मिसळायची, ऊन उतरल्यावर फेकायची आणि वर हलकं पाणी द्यायचं. पाकिटावरची तारीख बघून घ्या. बुरशी जिवंत असेल तरच उपयोग. दुकानात उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका आणि त्याच पंधरवड्यात बुरशीनाशक मारू नका, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं. पुढच्या जूनमध्ये, अळ्या बारीक असताना हाच डोस परत द्या. खरा परिणाम तेव्हा दिसतो.

गावाकडचा भाऊ फोरेटची जुनी दाणेदार पुडी देईल, "टाक, लगेच खलास." घेऊ नका. ते अतिजहाल औषध आहे आणि २०२० अखेरपासून त्याच्यावर देशात बंदी आहे. तुमच्या लॉनवर नातवंडं लोळणार, साळुंक्या चरणार.

खतावरून आठवलं. कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा कुंडीत अशाच जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर लगेच चप्पल उगारू नका. फरशीवर ठेवून बघा. हुमणी कुशीवर पडून वाकडी होते आणि धडपडत पायांनी सरकते. दुसरी एक अळी उताणी होऊन, पाय आभाळाकडं करून पाठीवर सुळसुळत जाते. ती फक्त कुजलेलं खाते, उलट खत बारीक करून देते. तिला परत खड्ड्यात सोडा. अर्धकच्चं शेणखत मात्र लॉनवर कधीच नको, भुंगेऱ्यांना त्याचं फार आकर्षण आणि कधी अळ्या त्यातूनच घरी येतात. खत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून शेणच आहे.

समजा, गवत ओढलं आणि आलंच नाही, खुरपं घातलं तर खण्ण वाजलं. मग चट्ट्याखाली बांधकाम पुरलेलं आहे. माझ्या स्वतःच्या अंगणात तुळईच्या मापाचा एक पट्टा तीन वर्षं पिवळा राहिला. मी लोह दिलं, खत दिलं, देवाला नारळ द्यायचा तेवढा बाकी होता. शेवटी कुदळ मारली तर अर्धं पोतं दगड झालेलं सिमेंट, प्लास्टरचा चुरा आणि गवंड्याची एका पायाची चप्पल निघाली. ज्यानं काम केलं त्यानं राडारोडा लोटून त्यावर चार इंच लाल माती ओढली होती आणि लॉन अंथरलं होतं. तुमच्याकडंही घर झाल्यावर त्याच माणसानं लॉन लावलंय म्हणता, शिवाय ती बाजू मुरमाड माळाची. तेव्हा दोन-तीन ठिकाणी फूटभर खड्डा घेऊन बघाच. निघेल तेवढा मलबा काढायचा आणि पोयटा माती व कुजलेलं खत भरायचं. याला बाटलीतलं औषध नाही.

आता दाजींच्या पाइपविषयी. त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण संध्याकाळी रोज अर्धा तास हे लॉनला पाणी नव्हे, नुसतं तोंडाला पाणी लावणं आहे. वरचा इंचभर ओला राहतो, मुळं तिथंच रेंगाळतात आणि पात्यावर रात्रभर ओल राहिली की बुरशीला आवतण. बादली लावून पाइप मोजा. मिनिटाला १५ लिटर येत असेल तर अर्ध्या तासाचे ४५० आणि आठवड्याचे तीन हजारांवर लिटर होतात. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे साधारण १,४०० लिटर. पाऊस नसताना या दिवसांत आठवड्याला तेवढं बास. ते आठवड्यातून दोनदा विभागून, सकाळी लवकर द्या. लॉनवर श्रीखंडाचे रिकामे डबे चार ठिकाणी ठेवा आणि डब्यात अर्धा इंच साचलं की पाइप बंद. निम्मं पाणी वाचेल आणि दाजींना संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला वेळ मिळेल. मुळं तुटलेल्या जागी पंधरा दिवस मात्र थोडं थोडं जास्त वेळा द्यावं लागेल.

युरिया आत्ता नको. ज्याला मुळं नाहीत त्याला जेवायला वाढून काय उपयोग, उलट मीठ लागून करपेल. नवीन फुटवे दिसायला लागल्यावर सगळ्या लॉनला मिळून पाव किलो पुरतो, गवत कोरडं असताना फेकून लगेच पाणी. शेजारच्या काकांचा "मूठ-मूठ मार" हा हिशोब उसाच्या सरीतला आहे. कपडे धुवायच्या पावडरीबद्दल एवढंच सांगतो की तिनं कपडे धुवा.

मोकळ्या झालेल्या जागा भरायला नवीन गवत विकत आणायची गरज नाही. कडेच्या निरोगी गवताच्या धावत्या काड्या मुळासकट काढा, मुठीएवढे झुबके चार-चार इंचांवर टोचा, पायानं दाबा. ऑक्टोबरात लावलं तर थंडी पडायच्या आत धरून घेतं. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त छाटू नका. लॉन म्हणजे पाहुण्यांसाठी गुळगुळीत केलेली दाढी असा आपल्याकडं एक समज आहे, त्यापायी लोक ते मुळापर्यंत तासतात आणि मग तिथं ऊन शिरून लव्हाळ्याचं फावतं.

लव्हाळ्याचं खरं घर जमिनीखाली आहे. वरची काडी दोन बोटांत फिरवून बघा, तिला तीन कडा लागतील. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते. खाली सुतळीला मणी ओवावेत तशा गाठी असतात. तुम्ही वरून ओढता तेव्हा सुतळी तुटते, गाठ खाली राहते आणि तोवर झोपलेल्या शेजारच्या गाठी जाग्या होतात. म्हणून "उपटेल तेवढा दुप्पट" हे तुमचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना जुनी अरुंद छिन्नी बाजूनं खोल घाला आणि गाठीसकट उचला. दर दोन-तीन आठवड्यांनी, नवीन गाठी धरायच्या आत. एका हंगामात संपणार नाही, दोन धरा. लॉन दाट झालं आणि रोजचं पाणी थांबलं की त्याचा जोर ओसरतो, कारण त्याला सावली सोसत नाही आणि ओल आवडते. उसात यासाठी वेगळं तणनाशक मारतात हे खरं, पण ज्या औषधाच्या डब्यावर लॉनचं नाव नाही ते अंगणात आणू नका. निघालेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. वास मात्र घेऊन बघा. उटण्यातला नागरमोथा याच कुळातला, दिवाळीच्या पहाटेची आठवण येईल.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंडे मुडपून गड्ड्यासारखे झाले असतील तर ते कापून पिशवीत बांधून टाका, त्यांना धुऊन काही होत नाही. बाकीच्या झाडावर पाइपच्या तोंडाशी अंगठा धरून जोराचा फवारा मारा (दाजींचा पाइप इथं कामाला येईल), विशेषतः पानांच्या बगलेत. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, त्यात थोडा अंगाला लावायचा मऊ साबण विरघळवून, ऊन उतरल्यावर फवारायचं. आठवड्याच्या अंतरानं तीनदा. पण त्याआधी खोडावर वर-खाली करणारी मुंग्यांची रांग बघा. ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि त्याच्या बदल्यात ढेकणांना राखतात, आपण म्हशी राखतो तशा. खोडाला चार बोटं रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा आणि भिंतीला टेकलेली फांदी छाटा. राखणदार गेला की ढेकूण उघडे पडतात. एक मात्र जपा: त्या कापसात जरा मोठी, झिपऱ्या झिपऱ्यांची आणि भराभर चालणारी पांढरी अळी दिसली तर ती ढेकूण नव्हे, ढेकणं खाणाऱ्या एका चित्रांगी भुंग्याचं पोर आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगा १८९८ मध्ये मुद्दाम भारतात आणला गेला. तो दिसला तर फवारा बाजूला ठेवा आणि गंमत बघत बसा.

लिंबाचं दुखणं दाजींच्या पाइपाशीच येऊन थांबतं. ते लॉनच्या कोपऱ्यात आहे म्हणजे लॉनचं रोजचं पाणी त्यालाही मिळतं. लिंबाला फुलोऱ्याआधी ताण लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावं लागतं, आणि फळ धरताना एकसारखी ओल. तुमच्याकडं ताण कधी नाहीच. थोडी फुलगळ तर निरोगी झाडालाही असते, सगळी फुलं धरली तर फांद्या मोडतील. बुंध्याभोवती दीड-दोन फूट लॉन काढून टाका, मातीचा उंचवटा करा आणि पाण्याचं आळं फांद्यांच्या घेराखाली घ्या. बुंध्यातून डिंक पाझरत असेल तर तेवढी साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, मोठ्या झाडाला फारसं बिघडवत नाही. नवी पालवी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, चिलेटेड (झाडाला सहज शोषता येणाऱ्या) लोहाचा फवारा द्या. आणि झाड बियांचं असेल तर अजून वर्षभर धीर धरा, पाच वर्षं हे लिंबाचं नुकतं कळतं वय.

तुळशीचं वृंदावन एकदा आडवं करून खालचं भोक बघा. बहुतेक ते सिमेंटनं बुजलेलं असेल, किंवा ठेवलेलंच नसेल. घरातलं प्रत्येक माणूस आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतं, वर पावसाळा. मुळं कुजून वाळते आणि वाळली म्हणून आणखी पाणी पडतं. भोक मोकळं करा, तळाला विटांचे तुकडे घाला, मातीत तिसरा हिस्सा वाळू मिसळा. पूजेला पळीभर पाणी पुरतं, बाकीचं माती बोटाला कोरडी लागली की द्यायचं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा. पिकलेल्या तेवढ्या सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, उन्हाळ्यात पेरता येतील. आणि चौकोनी फुटात किती हुमण्या निघाल्या तो आकडा मला कळवा.